परत कधी येणार, ते आधी विचार

अभिनंदन वगैरे घरच्यांनी केलं असेलच, ते मी सोडतो. तुझ्या चित्रकथेतल्या देवचाराची चित्रं चांगली उतरली आहेत हे तुलाही ठाऊक आहे, नाहीतर वेब सिरीजवाल्यांनी तुला शोधून काढलं नसतं. तू विचारलंयस त्यांच्या हक्कांच्या करारावर सही करू की नको, पण मेलमध्ये तीनदा आलाय तो रकमेचा आकडा. आकडा राहू दे बाजूला. आकड्याचं बोलणं सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न एकच: देवचार तुझ्याकडे परत कधी येणार?

तू फोटो काढून पाठवलेल्या पानावर त्याचं उत्तर आहे. कधीच नाही. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात.’ विश्वात! मंगळावर कुणी तुझा देवचार दाखवला तरी पैसे त्यांचे.

तुझे बाबा म्हणतात, ‘पोरी, अशी संधी पुन्हा येत नाही.’ त्यांना विचार, वरची खोली भाड्याने देताना अकरा महिन्यांचाच करार का करता? भाडेकरू कितीही सज्जन असला तरी तारीख घालतातच ना? मग मुलीच्या चित्रांना तारीख नको?

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली स्वतः घडवलेला सुपरमॅन प्रकाशकाला १३० डॉलरला दिला. तेरा पानं, पानाला दहा डॉलर. पोरं तेविशीतली, काम छापून येतंय याचाच आनंद. पुढे शुस्टरची नजर गेली आणि सीगल कारकुनी करत बसला. १९७५ साली, सुपरमॅनचा मोठा सिनेमा येणार असताना, इतर चित्रकारांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर आणि श्रेयनामावलीत नाव मिळालं. ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते, तो कागद २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना गेला. वारसांचे खटले तर या शतकात येऊनही चालूच होते. तेव्हा १३० ऐवजी तेरा हजार मिळाले असते तरी त्या कागदावर परतीची तारीख नव्हतीच. म्हणून म्हणतो, आकडा राहू दे.

तू म्हणशील, मी काही इतकी भोळी नाही, परतीचं कलम घालून घेईन. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स तुझ्याहून कमी हुशार नव्हते. त्यांच्या ‘वॉचमेन’ या कॉमिकच्या करारात परतीचं कलम होतं. पुस्तक ठरावीक काळ छापायचं थांबलं की हक्क पुन्हा दोघांकडे. त्या काळी कॉमिक्स वर्षभरात बाजारातून नाहीशी व्हायची, त्यामुळे कलम अगदी सोन्यासारखं वाटलं असणार. बारा अंक १९८६-८७ मध्ये निघाले, मग त्यांचं एकत्र पुस्तक झालं आणि ते पुस्तक आजतागायत छापायचं थांबलेलं नाही. ते खपतंय म्हणून परत येत नाही! २००९ साली सिनेमा आला तेव्हा मूरने स्वतःचं नाव काढायला लावलं, पैसेही घेतले नाहीत. लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. मला नाही वाटत तो विक्षिप्त. त्याच्या कलमात अट होती, तारीख नव्हती. तुझ्या कलमात तारीख असू दे. दिवस, महिना, साल. ‘प्रकल्प पूर्ण झाल्यावर’ नको, ‘परस्पर संमतीने’ तर मुळीच नको.

आपला कायदा यात तुझ्या बाजूचा आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाच, सोपं आहे. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात. घेतलेला हक्क कंपनीने वर्षभरात वापरला नाही तर तो तिच्या हातचा जातो, हे १९(४). म्हणूनच कंपनीचे वकील ‘कायमस्वरूपी’ ठासून लिहितात आणि कुठेतरी खाली बारीक अक्षरात ‘कलम १९(४) लागू राहणार नाही’ असं घालतात. तुझ्या करारात ते वाक्य शोध. सापडेल. सापडलं की खोड.

आता ते तेविसावं पान. अख्खं पान काळं आणि खालच्या कोपऱ्यात बोटाएवढी होडी. त्यांचा माणूस म्हणाला म्हणून तू त्याची सहा चौकटींत खांडोळी करायला निघालीस? कॅमेरा कुठे ठेवायचा ते त्यांना ठरवू दे, त्याचेच पगार घेतात ते. मार्जान सत्रापीच्या ‘पर्सेपोलिस’ या चित्रकथेचा सिनेमा २००७ साली आला तो बहुतेक कृष्णधवल, हाताने काढलेला, आणि दिग्दर्शनात ती स्वतः. पुस्तक आधी पुस्तक म्हणून पुरं झालं होतं, मगच पडदा. आणि त्यांनी पडद्यावर देवचाराचं अगदीच माकड केलं, तर त्याच कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’ कादंबरीवरच्या सिनेमाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली मान्य केलंय की हक्क दिल्यावरही विकृतीकरणाविरुद्ध लेखकाला दाद मागता येते. पण कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागणारी वर्षं तुझ्या चित्रांतून वजा होतात.

मला हट्टी म्हणतात ते तुझ्या कानावर आलं असेलच. माझ्या उमेदीच्या काळात एका प्रकाशनासाठी एक पोरगा काढला होता, विजार सतत घसरणारा. मानधनाच्या पावतीवरच ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ छापलेलं असायचं आणि सही केल्याशिवाय पैसे मिळायचे नाहीत. प्रकाशन बंद पडलं. पोरगा आज कुणाच्या गोदामात आहे देव जाणे. मी त्याला माझ्याच पुस्तकात छापू शकत नाही. त्यानंतर दुसऱ्या एका पात्रासाठी मालिकावाले आले, मी तीन वर्षांची मुदत मागितली, ते हसले आणि उठून गेले. मालिका झाली नाही. मित्र अजून सुनावतात की गाडी, घर, सगळं झालं असतं. झालं असतं. पण ते पात्र मी परवाही काढलं, कुणाला न विचारता, आणि पुढच्या दिवाळी अंकात ते येणार आहे. मी चुकलो असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

तुझी मैत्रीण संवाद लिहिते ना? कंपनीला उत्तर देण्याआधी तुम्हा दोघींचा कागद करा. बॅटमॅन घडवणारा बिल फिंगर १९७४ साली वारला आणि त्याचं नाव अधिकृतपणे लागलं ते २०१५ मध्ये. तोवर एकट्याचं नाव लावणारा बॉब केन त्याचा सहकारीच होता. ‘आमच्यात कागद कशाला’ हे वाक्य मला ऐकवू नकोस.

कंपनीला एवढंच लिही: फक्त वेब सिरीजचे हक्क, दोन वर्षांची मुदत, चित्रीकरण सुरू न झाल्यास अमुक तारखेला सगळं आपोआप परत, पुस्तक, भाषांतरं आणि देवचाराच्या पुढच्या गोष्टी आमच्या दोघींकडेच. चिडले तर चिडू देत. आणि मला पूर्ण करार पीडीएफमध्ये पाठव, फोटो नकोत, परिशिष्टांसकट. गुरुवारी एक ओळखीच्या वकीलबाई घरी यायच्या आहेत, त्यांच्यापुढे ठेवतो.