लेनी ब्रूसचा फोटो

प्रश्न : माझी मुलगी स्टँड-अप करते. तिच्या खोलीत लेनी ब्रूस या अमेरिकन स्टँड-अप विनोदवीराचा फोटो आहे. अश्लील बोलल्याबद्दल त्याला अटक झाली होती म्हणे. असा माणूस आदर्श कसा? – एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, अटक खरी आहे, आणि एकदाच नाही. अश्लीलतेसाठी पहिल्यांदा १९६१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. तिथे ज्युरीनं निर्दोष ठरवलं. न्यूयॉर्कच्या १९६४ च्या खटल्यात मात्र चार महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. प्रेक्षकांत बसून टिपणं काढलेल्या सरकारी निरीक्षकानंच कोर्टात त्याचा कार्यक्रम सांगितला! मी गडकरी रंगायतनमध्ये गेली चाळीस वर्षं नाटकं बघतोय. एक वाक्य अर्धा श्वास उशिरा आलं तरी हशा मरतो. इथे तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकून निकाल. शिव्या होत्याच, पण धर्म, वंशद्वेष, ढोंग यांवरही तो बोलत होता. पुढे क्लबवाले त्याला बोलवायला घाबरू लागले. स्टेजवर तो खटल्याचे कागद वाचायचा. तेव्हा विनोद मागे पडला होता, हेही खरं.

अपील प्रलंबित असतानाच १९६६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मॉर्फिनच्या अतिमात्रेनं तो गेला. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी त्याला मरणोत्तर माफी दिली.

नशेबद्दल लेकीशी स्पष्ट बोला. फोटो राहू द्या. आणि तिच्या पुढच्या ओपन माइकला जा, मागच्या रांगेत बसलात तरी चालेल.