फोनमध्ये नंबर खूप, मित्र मात्र नाही

"मॅडम, दिवाळीत घरात मिठाईचे बॉक्स ठेवायला जागा नसायची. यंदा दोनच आले."

४४ वर्षांचे ते गृहस्थ हे सांगताना खाली बघत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा खरेदी विभाग त्यांच्या हाती होता. विभाग बदलला आणि महिन्याभरात फोन वाजायचा थांबला. "मी माणूस म्हणून इतका वाईट आहे का?" त्यांनी विचारलं. हाच प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात, निवृत्तीनंतर तर हमखास.

वाईट नव्हतेच ते. लोकांनी त्यांची खुर्ची पाहून त्यांना जवळ केलं होतं, आणि त्यांनीही माणसं तशीच निवडली होती. हे मी बोलले नाही. "काही काम नसताना शेवटचं कुणाशी बोललात?" एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने आयटीआयमधल्या एका मित्राचं नाव निघालं. तो सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. भांडण वगैरे काही नाही. "त्याच्याशी बोलून फायदा काय, असं वाटायला लागलं होतं," म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्याला भेटायचं ठरलं. तर लगेच, "त्याच्या मुलाला कंपनीत चिकटवतो, म्हणजे जायला तोंड राहील!" इथे मात्र मी त्यांना अडवलं. रिकाम्या हातांनी जा, म्हटलं. व्यवहाराच्या ओळखी वाईट नसतात, पोट त्यांवर चालतं. पण ही ओळख तशी नव्हती आणि तिला पुन्हा व्यवहारात ओढायचं नव्हतं.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा २०१८ मधला अभ्यास मी त्यांना सांगितला. साधी मैत्री जुळायला साधारण ५० तास लागतात, जिवलग व्हायला २०० हून जास्त. आणि नुसतं एकत्र काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे धरले जात नाहीत. सप्लायरबरोबरच्या बैठका आठवून ते गप्प झाले.

दुकानात मित्राने विचारलं, "काय रे, काय काम काढलंस?" "काही नाही," एवढंच यांना सुचलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि हातातलं पंक्चर काढत राहिला. दोन तास गेले.

नोकरीमुळे ते माझ्याकडे रविवारी सकाळी यायचे. पुढच्या महिन्यात त्यांनी वेळ बदलून मागितली. रविवारी सकाळी दोघं मिसळ खायला जातात.