बंदुकीच्या दुकानाचं काम नाकारलं. आता शाळेचं कंत्राट घेता येईल का?

प्रश्न : ऑस्टिनजवळ राउंड रॉकला आम्हा नवरा-बायकोची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी (एलएलसी) आहे. इथे आठ पूर्णवेळ कर्मचारी, आणि पुण्यात आमच्याच मालकीच्या कंपनीत सहा. एका स्कूल डिस्ट्रिक्टचं (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) तीन वर्षांचं, १,८०,००० डॉलरचं काम चार निविदांमधून आम्हाला मिळालंय. ‘शस्त्र व्यवसायाशी भेदभाव करण्याचं आमचं धोरण नाही आणि कराराच्या मुदतीत भेदभाव करणार नाही’ असं त्यात लिहून द्यायचं आहे. टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेतल्या गोळीबारानंतर आम्ही कर्मचारी पुस्तिकेत ‘बंदुका आणि दारूगोळा विकणाऱ्यांची कामं आपण घेत नाही’ अशी ओळ घातली होती. गेल्या वर्षी एका गन शॉपची वेबसाइट आम्ही नाकारली आणि कारण ईमेलवर कळवलं. आम्ही चालवतो त्या देशी दुकानदारांच्या ऑनलाइन बाजारातही शस्त्रविक्रीला मनाई आहे. यजमान म्हणतात, टेक्सासमध्ये आपण दहाच्या आत आहोत, हे कलम आपल्याला लागू नाही. सही करावी का?

उत्तर : ताई, ती ओळ पुस्तिकेत आहे तोवर सही करू नका.

आधी यजमानांच्या हिशेबाबद्दल. हे कलम येतं टेक्सास गव्हर्नमेंट कोडच्या प्रकरण २२७४ मधून. सिनेट बिल १९ म्हणून मंजूर झालेला हा कायदा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. किमान दहा पूर्णवेळ कर्मचारी असलेली कंपनी आणि सार्वजनिक पैशातून किमान १,००,००० डॉलर मिळणारा करार, अशा दोन अटी एकत्र आल्या की तो लागतो. पण ‘कंपनी’च्या व्याख्येत पूर्ण मालकीची उपकंपनीही धरलेली आहे, आणि कर्मचारी टेक्सासमध्येच असले पाहिजेत असं कायदा कुठेही म्हणत नाही. आठ आणि सहा चौदा. पुण्याची माणसं मोजायची नाहीत असा युक्तिवाद कोर्टात करता येईल, पण त्याच्या भरवशावर मी कुणाला सही करू देणार नाही.

मुळात या कायद्याचा रोख मोठ्या बँकांवर होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जण मारले गेले. पुढच्याच महिन्यात सिटीग्रुपनं बंदूकविक्रेत्या ग्राहकांवर अटी घातल्या : २१ वर्षांखालच्यांना विक्री नाही, पार्श्वभूमी तपासणी पूर्ण झाल्याशिवाय विक्री नाही. टेक्सासच्या विधिमंडळाला ते रुचलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानं सिटीचं धोरण भेदभावाचं ठरवलं आणि राज्यातल्या बहुतेक सरकारी रोख्यांच्या कामाचं दार त्या बँकेला बंद झालं. सिटीनं मात्र बंदूकविक्रेत्यांशी व्यवहार सरसकट थांबवला नव्हता, नुसत्या अटी घातल्या होत्या. तुमची ओळ तर सरळ नकार देते. जाळं बँकांसाठी विणलं गेलं, अडकताहेत चौदा माणसांच्या कंपन्या, आणि मला ते मनापासून अन्यायाचं वाटतं. पण सल्ला कायदा आहे तसाच धरून द्यावा लागतो.

समोरचा शस्त्र व्यवसायात आहे, केवळ एवढ्याच कारणानं त्याच्याशी व्यवहार नाकारणं, चालू व्यवहार पुढे न नेणं किंवा तोडणं म्हणजे भेदभाव. शस्त्रांचे उत्पादक, वितरक, दुकानदार यांच्याबरोबर नेमबाजीची मैदानंही यात धरली आहेत. कायद्यानं किंवा नियामकाच्या आदेशानं नकार द्यावा लागला तर तो भेदभाव नव्हे. त्या विशिष्ट ग्राहकाशी निगडित नेहमीचं व्यावसायिक कारण असेल, उदाहरणार्थ त्याची बिलं थकलेली आहेत, तरीही नव्हे. तुमच्या ऑनलाइन बाजारातली मनाई निर्धास्तपणे राहू द्या; विक्रेत्यानं किंवा प्लॅटफॉर्मनं आपल्याकडे शस्त्रांची विक्री न करण्याच्या प्रस्थापित धोरणाला कायद्यानंच सूट दिलेली आहे.

गेल्या वर्षीच्या ईमेलची धास्ती तुम्हाला जास्त वाटतेय, पण लिहून द्यायचं ते आजच्या धोरणाबद्दल आणि करार चालू असतानाच्या वागण्याबद्दल. मागे एकदा दिलेला नकार तेवढ्यानं तुम्हाला अपात्र करत नाही. मात्र पुस्तिकेतली ओळ कायम असेल तर तोच ईमेल ती ओळ प्रत्यक्षात पाळली जाते याचा पुरावा ठरेल. तो डिलीट करू नका. लपवाछपवीचा संशय मूळ मजकुरापेक्षा महागात पडतो, आणि समोरच्याकडे प्रत आहेच.

कोलोरॅडोच्या वेबसाइट डिझायनरच्या बाजूनं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये निकाल दिला, त्याचा आधार कुणीतरी तुम्हाला सुचवेल. तिथे राज्य तिला तिच्या मनाविरुद्धचा मजकूर घडवायला भाग पाडू पाहत होतं. इथे राज्य फक्त आपलं कंत्राट रोखून धरतंय. घटनात्मक आव्हान अशक्य नाही. ‘इस्रायलवर बहिष्कार घालणार नाही’ असं लिहून घेणाऱ्या अशाच कलमाला २०१९ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टानं स्थगिती दिली, तेव्हा विधिमंडळानं दहा कर्मचारी आणि एक लाख डॉलरची मर्यादा घालून एकट्यादुकट्या व्यावसायिकांना त्यातून वगळलं. पण तशाच अर्कान्सासच्या कायद्याला आठव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टानं २०२२ मध्ये वैध ठरवलं. ही लढाई एखाद्या संघटनेनं लढायची आहे. या एका कंत्राटापायी तुम्ही त्यात उतरू नका.

कामाचा पुरवठादार एकमेव असेल तर मिळणारी सवलत तुम्हाला लागणार नाही, निविदा चार होत्या. करार तीन तुकड्यांत करून घेण्याची कल्पना डोक्यात आली असेल तर काढून टाका. स्पर्धात्मक खरेदीचे नियम चुकवायला कामाचे तुकडे पाडणं हा शाळेच्या अधिकाऱ्यासाठी गुन्हा आहे. डिस्ट्रिक्टला मुळातच एका वर्षाचं, लाखाच्या आतलं काम हवं असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या कंपनीच्या हाताखाली उपकंत्राटदार म्हणून काम घ्यायचा मार्गही आहे. कायदा सरकारशी थेट करार करणाऱ्या कंपनीला बांधतो, पण ती कंपनी हेच कलम तुमच्या करारात घालते का ते वाचून घ्या.

हे काहीच जमणारं नसेल, तर ओळ किंवा कंत्राट यांतलं एक निवडावं लागेल. उवाल्डेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्यानंतर तुम्ही लिहिलेल्या त्या ओळीचं वजन मला कळतं. ती ठेवायची असेल तर काम नम्रपणे नाकारा, त्यात कसलाही कायदेभंग नाही. काढायची असेल तर खरोखर काढा. नवी पुस्तिका तारखेसह सहीच्या आधी राउंड रॉक आणि पुणे दोन्हीकडे पाठवा आणि पुढची तीन वर्षं तसंच वागा. ओळ काढली, पण प्रत्येक गन शॉपला ‘सध्या वेळ नाही’ असं उत्तर गेलं, तर तुमचं लेखी वचन खोटं ठरेल. मग कंत्राट तर जाईलच, शिवाय फसवणुकीचा दावाही मागे लागू शकतो.

आजच डिस्ट्रिक्टच्या खरेदी विभागाकडून सहीसाठी दोन आठवड्यांची मुदत मागून घ्या, आणि कलमाचा पूर्ण मजकूर व पुस्तिका टेक्सासमधल्या सरकारी कंत्राटांच्या वकिलाला दाखवा. शस्त्रांच्या कलमाशेजारी इस्रायल आणि ऊर्जा कंपन्यांवर बहिष्कार न घालण्याची कलमंही बहुधा असतील. सही त्यांच्याखालीही होणार आहे, तेव्हा तीही त्याच बैठकीत वाचून घ्या.