चार विसांची ऐंशी

प्रश्न : मी प्रौढांना फ्रेंच शिकवते. शंभरपर्यंतचे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत, पण किंमत कानावर पडली की ते गडबडतात. दुकानाचा खेळ घेतला, तर सगळे वस्तूंची नावे घेण्यातच रमले आणि पैशांचा व्यवहार बाजूलाच राहिला. खेळ कसा बेतावा?

उत्तर : वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या असतील, तर त्या आधी काढून टाका. किंमत डोळ्यांना दिसली की कान स्वस्थ बसतात. ती फक्त विक्रेत्याला ठाऊक असावी आणि ग्राहकाने ऐकूनच पैसे मोजावेत.

खेळातल्या नोटा ५, १०, २० आणि ५० युरोच्या ठेवा, त्यातही २० च्या भरपूर. फ्रान्समध्ये ऐंशीला ‘कात्र-व्हँ’, म्हणजे ‘चार वीस’, असे म्हणतात. विद्यार्थ्याने २० च्या चार नोटा एकेक करून मांडल्या की तो शब्दच त्याच्यासमोर टेबलावर उभा राहतो. (विशांच्या जुन्या मोजणीची ज्यांना ओळख आहे, त्यांना हे चटकन उमगते.) पंचाहत्तर म्हणजे ‘स्वासाँत-कँझ’, साठ आणि पंधरा. ‘स्वासाँत’ ऐकताच हात ५० आणि १० च्या नोटांकडे जातो, ‘कँझ’ ऐकल्यावर त्यांवर आणखी एक १० ची आणि एक ५ ची नोट पडते. वहीत ६० लिहून थांबलेला विद्यार्थी चुकलेला असतो. नोटा मांडणारा मात्र अर्ध्या वाटेवर असतो आणि पुढचा शब्द ऐकून वाट पुरी करतो. मला या खेळाचे खरे मोल इथेच वाटते. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला ‘सेप्ताँत’ असा सुटसुटीत शब्द आहे, एवढे जाता जाता सांगितले तरी पुरे.

सुटे परत देताना विक्रेत्याला वजाबाकी करू देऊ नका, किमतीपासून वर मोजायला लावा. वस्तू १२,७५ युरोची (फ्रान्समध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात) आणि ग्राहकाने दिलेली नोट २० ची असेल, तर विक्रेत्याने २० आणि ५ साँतीमची (साँतीम म्हणजे युरोचा शंभरावा भाग) नाणी ठेवत ‘त्रेझ’ (तेरा), २ युरोचे नाणे ठेवत ‘कँझ’ (पंधरा) आणि शेवटी ५ ची नोट ठेवत ‘व्हँ’ (वीस) म्हणावे. आकडा मोठ्याने उच्चारल्याशिवाय पैसे हातातून सुटू नयेत. सुट्या पैशांना ‘मोने’ म्हणतात आणि एकंदर पैशाला ‘आरजाँ’. हा फरक इथेच, नाणी हातात असताना, समजावून द्यावा. ‘द’ (दोन) आणि ‘ओरो’ (युरो) यांची ‘दझोरो’ अशी जोडणीही व्यवहाराच्या ओघात कानात बसते, तिच्यासाठी वेगळा तास लागत नाही.

दुसऱ्या फेरीत विक्रेत्याची सुट्यांची पेटी काढून घ्या. फ्रेंच कायद्यानुसार रोखीच्या व्यवहारात नेमकी रक्कम देण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्याची असते, आणि अशी नेमकी रक्कम देण्याला ‘फेर लाप्वँ’ म्हणतात. त्यामुळे ग्राहकाला आता शेवटचा साँतीमही नीट ऐकून मोजावा लागेल.