आफ्रिकेत मिशनच्या सेवेला गेलेल्या जोडप्याचं रोजचं आयुष्य कसं असतं?

ताई, जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की तुमचे पती इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त होताहेत, तुम्ही शाळेत शिकवता, आणि दोघांनी मिळून दोन वर्षं आफ्रिकेतल्या एखाद्या मिशनमध्ये बिनपगारी काम करावं असं मनात आहे. तिथं दिवस कसा जातो, काम काय असतं, जेवणाखाण्याचं कसं, आणि "आपण तिथं खरंच उपयोगी पडू का?" असं तुमचं विचारणं आहे. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच अंगानं लिहिते.

आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले. मी नर्स, मिरजेला शिकलेली. हे एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. सध्या दक्षिण मलावीत, मुलांजे डोंगराच्या बाजूला असलेल्या एका मिशन हॉस्पिटलात काम करतो. आफ्रिका केवढी मोठी! मी जे सांगते आहे ते फक्त या एका देशाच्या एका कोपऱ्याचं आहे.

झाडाखाली लोक जमलेत आणि आपण उपदेश करतोय असं काही चित्र मनात असेल तर ते आधी पुसून टाका. मलावीतली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आपल्या मंडळीपेक्षा कितीतरी मोठी आहे. स्कॉटिश मिशनरी १८७५मध्ये मलावी सरोवराकाठी केप मॅक्लिअरला आले. ब्लँटायर शहरातलं सेंट मायकल चर्च १८९१मध्ये पुरं झालं, तेही तिथल्याच माणसांच्या हातून बांधलेलं. आज पाळक तिथले, हॉस्पिटलचे प्रमुख तिथले, मेट्रनही तिथल्याच. रविवारची उपासना दोन-तीन तास चालते, एकामागून एक गायकवृंद उभे राहतात, आणि आम्ही बाकावर बसून ऐकतो. हे पाहुणेपण ज्याला मनापासून मान्य आहे त्यानं जरूर यावं.

आपल्या मुलखाचं आणि या मुलखाचं नातंही जुनं आहे, आणि मला ते फार जवळचं वाटतं. चुमा नावाचा एक याओ जमातीचा मुलगा होता, इथल्याच शिरे नदीच्या बाजूचा, गुलामांच्या तांड्यातून सुटलेला. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्यानं त्याला १८६४मध्ये मुंबईला आणून स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. पुढं १८७३मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत हा चुमा होता. त्याच्याबरोबर नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये वाढलेला जेकब वेनराइटही होता, आणि अंत्यविधीची प्रार्थना जेकबनंच वाचली. म्हणजे महाराष्ट्रातून आफ्रिकेत सेवेला गेलेली सुरुवातीची माणसं आफ्रिकेचीच लेकरं होती. आम्ही फार उशिरा आलो.

आता रोजचं. उजाडताना अंगणं झाडल्याचा आवाज येतो, मग कोणीतरी दारातून "ओडी!" म्हणून हाक देतं. साडेसातला हॉस्पिटलात प्रार्थना होते, चिचेवा भाषेत गाणं होतं आणि लगेच रात्रपाळीचा रिपोर्ट सुरू होतो. माझं बरंचसं काम लहान मुलांच्या वॉर्डात आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या तपासणीला असतं. आया मुलांना चितेंजेत, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या रंगीत कापडात, पाठीशी बांधून कोसभर चालत येतात. प्रत्येकीजवळ मुलाचं आरोग्य पुस्तक असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं, कारण तपासणी, लस, औषध सगळ्याची नोंद त्या एकाच पुस्तकात असते. मुलाच्या दंडाला पट्टी लावायची. माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर पट्टी लाल दाखवते आणि मूल तीव्र कुपोषणाच्या उपचाराला घ्यावं लागतं. हे मोजमाप तिथल्या मुली माझ्यापेक्षा झपाट्यानं करतात. मी विद्यार्थिनींबरोबर उभी राहते, सलाईनचा हिशेब तपासून घेते, आणि कुठलं मूल आज कालच्यापेक्षा गप्प आहे ते बघायला शिकवते.

सगळ्यात कठीण काळ डिसेंबर ते मार्च. मागच्या हंगामाचा मका संपलेला असतो आणि नवा एप्रिलशिवाय हाती येत नाही. पाऊस याच महिन्यांत, त्यामुळे डासही याच महिन्यांत. रिकामी कणगी आणि मलेरिया एकदमच घरात शिरतात. मलेरियानं रक्त पार उतरलेलं मूल येतं, जीभ आणि तळहात पांढरेफटक. रक्त चढवावं लागतं आणि हवा तो गट शिल्लक असेलच असं नाही. मग बाप नाहीतर मामा बाकावर आडवा होऊन रक्त देतो. काही मुलं वाचत नाहीत. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं, कारण याची सवय होत नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

तुमच्या यजमानांसाठी आता ह्यांचं काम जरा सविस्तर सांगते. मिशन हॉस्पिटलांच्या स्टोअरमध्ये परदेशातून देणगी आलेली, बंद पडलेली यंत्रं नेहमी दिसतील. आमच्याकडे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे कॉन्सन्ट्रेटर असेच पडून होते. ह्यांनी आणि तिथल्या तंत्रज्ञानं मिळून एकेक उघडलं. बऱ्याच यंत्रांत मोठा बिघाड नव्हताच. स्पंजचा फिल्टर लाल धुळीनं गच्च भरलेला, आणि व्होल्टेज वरखाली होऊन सर्किट गेलेलं. आता प्रत्येक यंत्राला स्टॅबिलायझर आहे आणि दोन स्पंज आहेत. एक साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत असतो, तेव्हा दुसरा यंत्रात असतो. दर आठवड्याला ऑक्सिजनची शुद्धता मोजायची, ८२ टक्क्यांच्या खाली गेली तर यंत्र वॉर्डातून बाहेर. या सगळ्याची वही तो तंत्रज्ञ ठेवतो आणि स्क्रूड्रायव्हरही त्याच्याच हातात असतो. हे शेजारी बसून बघतात, विचारलं तर सांगतात. फोरमन माणसाला हात बांधून बसणं जड जातं, पण आपण परत गेल्यावर यंत्र चालू राहायचं असेल तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

हॉस्पिटलच्या मागं नातेवाइकांची शेड आहे. पेशंटचं जेवण, धुणं, कूस बदलणं, सगळं घरची माणसं करतात. तीन दगडांच्या चुली, धूर, ओल्या लाकडांवर शिजणारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड. दुपारी वेळ मिळाला की मी तिथं जाऊन बसते. पेशंटनं गोळ्या का थांबवल्या, घरी परतायला भाडं आहे का, ही माहिती वॉर्डात कधीच मिळत नाही, या चुलीपाशी मिळते. मंडळीतल्या बायकांची म्वानो नावाची संघटना आहे. त्या साबण, पीठ, मीठ घेऊन येतात आणि ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी रांधतात. ज्यांच्यासाठी रांधतात त्यांत मुसलमान याओ बायका असतात, इतर मंडळ्यांच्या असतात, कोणी कोणाला जात-धर्म विचारत नाही.

जेवणाची काळजी करू नका. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची, आपल्या तांदळाच्या उकडीसारखी, पण चांगली घट्ट. त्याबरोबर पालेभाजी, घेवडा, नाहीतर सरोवरातली सुकी मासळी. दक्षिण मलावीत तूर भरपूर पिकते, तिला नंदोलो म्हणतात आणि ती अख्खीच शिजवून खातात. २०२१च्या करारानुसार भारत तिथून वर्षाला ५०,००० टनांपर्यंत तूर घ्यायला तयार झाला, म्हणजे तुमच्या घरातल्या वरणात मलावीची डाळ असेलही. राजगिऱ्याच्या जातीचा पाला शेंगदाण्याचं कूट घालून करतात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला आईच्या हातची भाजी आठवली. ब्लँटायर आणि लिंबेत गुजराती दुकानदार आहेत, मोहरी-हिंग तिथं मिळून जातं.

तिथल्या माणसांत मिसळायचं असेल तर मयतीला जा. गावात कोणी गेलं की हातातली कामं थांबतात. बायका घरात चटईवर बसतात, पुरुष बाहेर, आणि रात्रभर गाणी म्हणतात. कोणी पीठ आणतं, कोणी लाकडं, कोणी थोडे पैसे. आपण जाऊन नुसतं बसायचं. मार्च २०२३मध्ये फ्रेडी चक्रीवादळानं दक्षिण मलावीत दरडी कोसळल्या, मृत आणि बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसं गेली, आणि देशात कॉलऱ्याची साथ आधीपासूनच चालू होती. त्या दिवसांत हे पाण्याच्या टाकीशी क्लोरीन मिसळायला असायचे आणि मी वॉर्डात. संध्याकाळी दोघं मिळून एखाद्या घरी चटईवर जाऊन बसायचो. बोलायला शब्द नसायचे, भाषाही अपुरी पडायची, तरी त्या बायका सरकून जागा करून द्यायच्या.

पैशाबद्दल सरळ सांगते. आमचा खर्च गावाकडच्या चर्चची मदत आणि आमची बचत यांतून चालतो. नोव्हेंबर २०२३मध्ये क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं आणि बाजार एका रात्रीत महागला. शेजाऱ्याच्या घरी ताट अर्धं होतं तेव्हा आपल्या घरी तेल-साखर आहे, हे लपत नाही. लोक फी मागायला येतात, खत मागायला येतात. हातात नोटा देण्याऐवजी मंडळीच्या वडीलधाऱ्या पंचांमार्फत मदत करावी, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. घरची खरी निकड कुणाची आहे ते त्यांना ठाऊक असतं.

तुमच्याबद्दल, ताई. जोडप्यांत नेहमी असं होतं की एकाला काम ठरलेलं असतं आणि दुसरी व्यक्ती "सोबत" म्हणून येते. असं येऊ नका. तुम्हाला वेगळं काम हवं आणि ज्यांना विचारून करायचं असं वेगळं माणूसही हवं. मलावीत १९९४पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे. खालच्या वर्गांत शंभरावर मुलं जमिनीवर दाटीनं बसलेली सर्रास दिसतात. तिथं एखाद्या स्थानिक शिक्षिकेची जागा घेऊ नका. तिच्याबरोबर बसून वाचनात मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट करा, पुठ्ठ्याची अक्षरं बनवा, दुपारचं वाचन घ्या. तुमचा इतक्या वर्षांचा हात तिथं सोन्याचा ठरेल, असं मला मनापासून वाटतं.

दोघांच्या नात्याचंही ऐका. वीज जाते, सहाच्या सुमाराला अंधार पडतो, जून-जुलैत चिपेरोनी नावाच्या गार, ओलसर हवेचं धुकं आणि भुरभुर आठवडा आठवडा उतरत नाही. बोलायला मराठी माणूस एकच, समोर बसलेला. आम्ही रोज संध्याकाळी एक अध्याय वाचतो, एक भजन म्हणतो आणि त्यानंतर हॉस्पिटलचा विषय काढायचा नाही असा नियम केलाय. मुलीला फोन भारतातली रात्र व्हायच्या आत करावा लागतो, कारण घड्याळ साडेतीन तास पुढं असतं.

नक्की ठरलं की आधी तिथल्या व्यवस्थापकांना लिहून विचारा, की तुम्हाला कसली माणसं हवी आहेत आणि आम्ही चालू का. बिनपगारी असलात तरी कामाचा परवाना लागतो, नर्स असेल तर तिथल्या कौन्सिलची नोंदणीही, आणि त्याला महिने लागतात. प्रवास बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे होतो, तेव्हा पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जवळ ठेवा. यजमानांना सांगा, चांगला मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर घेऊन या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण प्लग चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. त्याचे थोडे टॉप भारतातूनच आणलेत तर पहिल्याच दिवसापासून काम सुरू करता येईल.