‘भूमिगत रॅपर्सची जुगलबंदी’ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय. आपल्या इंदूरच्याच दोन पोरांनी मिळून एक नवं रॅप सिंगल काढलंय, त्यावर एक कॉलेजातली मुलगी मराठीत रिव्ह्यू लिहितेय. पहिलंच वाक्य तिने लिहिलं ‘दोन भूमिगत रॅपर्सची जबरदस्त जुगलबंदी’, आणि आजीने ते वाचून विचारलं, का गं, पोलीस मागावर आहेत का त्यांच्या? तर भूमिगत चालेल का, आणि कोलॅबला, म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या गाण्याला, जुगलबंदी म्हणावं का?

आजींचा कान अगदी बरोबर आहे. मराठीत भूमिगत म्हटलं की अजून १९४२ आठवतं, अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली, उषा मेहतांचा गुप्त रेडिओ, म्हणजे पकडलं जाऊ नये म्हणून लपून काम करणारी माणसं. रॅपमधला अंडरग्राउंड लपलेला नसतो, उलट लोकांनी ऐकावं म्हणून त्याचा जीव तुटत असतो, फक्त पाठीशी मोठी म्युझिक कंपनी नसते आणि गाणं मित्रांच्या फोनवरून फिरत फिरत पुढे जातं. नाटकवाल्यांनी अशा कामासाठी प्रायोगिक, समांतर हे शब्द रुळवले, पण ‘समांतर रॅपर’ असं ही मुलं स्वतःला कधी म्हणणार नाहीत. तेव्हा अंडरग्राउंडच ठेव, बिनधास्त.

आता जुगलबंदी. हा शब्द मला फार आवडतो. संस्कृत युगलचं जुगल झालं (आपलं जुळं पण त्याच घरातलं) आणि त्याला फारसीतून आलेलं बंदी लागलं, नाकाबंदीत आहे तेच, बांधणं. दोघं एकत्र बांधलेले. रविशंकरांची सतार आणि अली अकबर खाँचा सरोद, किंवा बिस्मिल्ला खाँची सनई आणि व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन, यात कोणी मुख्य नाही, कोणी साथीला नाही, आणि मुख्य म्हणजे दोघं एकाच वेळी एकमेकांचं ऐकत वाजवतायत. कोलॅबमध्ये असं असेलच असं नाही ना! कितीदा तर एकाने आपला सोळा बारचा व्हर्स, म्हणजे साधारण सोळा ओळींचं कडवं, रेकॉर्ड करून पाठवला, दुसऱ्याने दुसऱ्या गावात आपला जोडला, भेट पण नाही झाली, त्याला जुगलबंदी म्हटलं तर बंदी कुठेय त्यात?

म्हणून मी ते गाणं नीट बसून चारदा ऐकलं. पहिला मुलगा हिंदीत आहे, मधे मधे इंदुरी भिया भिया, रात्रीचा सराफा (दिवसा दागिन्यांचा बाजार, रात्री खाऊगल्ली), तिथले गराडू, भुट्टे का कीस, सगळी मजा, आणि त्याचा व्हर्स ‘सराफा’ याच शब्दावर थांबतो. बीट क्षणभर तुटते. मग दुसरा मराठीत सुरू होतो तो तोच शब्द उचलून, पण ह्याचा सराफा दिवसाचा आहे, ह्याचे बाबा तिथे दागिन्यांच्या दुकानात नोकरीला आहेत, आणि खाण्याच्या गाड्या लागायच्या आत शटर ओढून घरी निघतात. एकाच गल्लीचे दोन सराफे! माझ्या अंगावर काटा आला.

याला मराठीत नेमका शब्द आहे, सवाल-जवाब. तमाशात एका फडाने कोडं टाकायचं, दुसऱ्याने त्यातलाच धागा पकडून उत्तर द्यायचं. कलगीतुरा पण सुचला होता मला, कारण शक्ती मोठी म्हणणारे कलगीवाले आणि शिव मोठा म्हणणारे तुरेवाले शाहीर समोरासमोर असेच भिडायचे, पण आज पेपरात ‘दोन नेत्यांत कलगीतुरा रंगला’ म्हणजे सरळ भांडण. तो डिस ट्रॅकसाठी, म्हणजे एका रॅपरने दुसऱ्याची उतरवणाऱ्या गाण्यासाठी, राखून ठेव, तिथे चपखल बसेल.

आणि हुकमध्ये, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या ओळींत, पहिला ओळ म्हणतो अन् दुसरा मागून फक्त शेवटचा शब्द धरतो, ती झील आहे. शाहिराच्या मागे उभे राहून ओळीचा शेवट उचलणारे ते झीलकरी, रॅपवाले ज्याला हाइप मॅन म्हणतात तोच हा माणूस. इथे ‘री ओढतो’ मात्र लिहू नकोस, त्यात आता स्वतःचं डोकं न वापरता मान डोलावणं आलंय. हुकला पालुपद म्हणायचा मोह होईल, मूळ अर्थ बरोबरच आहे, पण ‘तुझं तेच तेच पालुपद’ इतकं कानात बसलंय की वाचणाऱ्याला तक्रार वाटेल. धृपद लिही, नाहीतर सरळ हुक.

शेवटच्या आठ बारमध्ये दोघं एक-एक ओळ वाटून घेतात, मग अर्धी-अर्धी, आणि शेवटी एकत्र. जुगलबंदी ती तिथे आहे, तेवढ्यापुरता तो शब्द वापर, मग बघ किती वजन येतं त्याला. पहिलं वाक्य मी असं करेन: ‘इंदूरच्या दोन अंडरग्राउंड रॅपर्सचा हा सवाल-जवाब शेवटी जुगलबंदीत मिसळतो.’

कोलॅब केला की केलं, हे पण विचारलंयस. मी दोन्ही ऐकतो, पण गाणं, सिंगल ही नपुंसकलिंगी जोडी शेजारी असली की ‘केलं’च तोंडात येतं, ‘दोघांनी मस्त कोलॅब केलंय’. रॅप मात्र ‘केला’, आणि बीट ‘ती’, हे आजींनाही विचारून बघ.