पीएमपी करा, पण आधी ती पॉलिसी काढून वाचा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कारखान्यात तुम्ही सीनियर मॅनेजर आहात. वय ३८, बी.ई. मेकॅनिकल, नोकरीला १५ वर्षं, हातात येणारा पगार ८२ हजार. गंगापूर रोडवरची एक संस्था पीएमपी (प्रोजेक्ट), पीजीएमपी (प्रोग्रॅम) आणि पीएफएमपी (पोर्टफोलिओ) या पीएमआय या अमेरिकन संस्थेच्या तिन्ही मॅनेजमेंट सर्टिफिकेटांच्या क्लासचा ‘कॉम्बो’ २ लाख ८५ हजारांना देते आहे. तो घ्यावा, नुसतं पीएमपी करावं की प्रिन्स-टू हे तसंच दुसरं सर्टिफिकेट बरं, असा तुमचा प्रश्न. फीसाठी पर्सनल लोन १४ टक्क्यांनी मिळतंय. आणि जाता जाता लिहिलंय की, आयुर्विम्याच्या पॉलिसीला वर्षाला १ लाख ४४ हजार जात असल्यामुळे शिल्लक काही राहत नाही.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. कॉम्बो घेऊ नका.

तुमच्याच कारखान्याचं उदाहरण घ्या. नवी असेंब्ली लाइन वेळेत आणि ठरल्या खर्चात उभी करणं हा प्रकल्प. सिन्नरला दुसरा प्लांट टाकायचा तर इमारत, मशिनरी, भरती, सॉफ्टवेअर असे पाच-सहा प्रकल्प एकमेकांत अडकलेले असतात. ते सगळे एका हेतूनं एकत्र हाकणं म्हणजे प्रोग्रॅम. आणि येत्या पाच वर्षांत पैसा कुठल्या कामात घालायचा, कुठलं काम मधेच बंद करायचं, हे ठरवणं म्हणजे पोर्टफोलिओ. ते काम तुमच्याकडे मालकांच्या केबिनमध्ये होतं. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात आणि तिथला अनुभव तुमच्याकडे भरपूर आहे.

पीएमपीला पदवीधराकडे अलीकडच्या वर्षांतला ३६ महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. हे तुम्हाला जमतं. पीजीएमपीला प्रकल्पांच्या अनुभवाशिवाय ४८ महिने प्रोग्रॅम चालवल्याचा अनुभव लागतो. पीएफएमपीला आठ वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि त्याशिवाय ४८ महिने पोर्टफोलिओ सांभाळल्याचा. या दोन्हींत परीक्षेआधी तज्ज्ञांचं पॅनेल तुमचा अनुभव तपासतं. म्हणजे तुम्हाला परीक्षेला बसूच देणार नाहीत, आणि क्लासची फी मात्र आजच भरायची! शिवाय क्लासच्या तासांची सक्ती फक्त पीएमपीला आहे; वरच्या दोन्हींना नाही. ‘अनुभवाचा फॉर्म आम्ही भरून देतो’ असं संस्थेनं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. पीएमआय काही अर्ज ऑडिटसाठी काढते आणि तिथे त्या त्या कामावरच्या वरिष्ठांची सही लागते. दुसऱ्यानं रचलेल्या अनुभवावर तुमचे साहेब सही करणार आहेत का?

प्रिन्स-टू मूळची ब्रिटिश सरकारी पद्धत. इंग्लंड-युरोपच्या कंपन्यांत जायचं असेल तर विचार करा, नाशिकच्या कारखानदारीत ते कोणी विचारत नाही. पीएमआयचंच सीएपीएम हे सर्टिफिकेट नवख्यांसाठी आहे, सोडून द्या.

म्हणजे फक्त पीएमपी. ऑनलाइन कोर्स, सदस्यत्व आणि परीक्षा मिळून साठ-सत्तर हजारांत आटपावं. पुढे दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे तास) मिळवून नूतनीकरण करावं लागतं, तेही धरून चाला.

आता तुमची अपेक्षा. ‘सिंहस्थाच्या कामांमुळे प्रोजेक्ट मॅनेजरना प्रचंड मागणी आहे, ४० टक्के वाढ पक्की.’ कोणी सांगितलं? अर्थात संस्थेनं. सिंहस्थाची कामं म्हणजे रस्ते, पूल, घाट, सांडपाणी. ती सिव्हिलच्या ठेकेदारांकडे टेंडरनं जातात. तुमचा अनुभव इलेक्ट्रिकल पॅनेलचा, आणि तुमचे तिन्ही कोर्स संपेपर्यंत सिंहस्थाचं २०२७ साल उलटून गेलेलं असेल. पीएमपीमुळे पुण्या-मुंबईच्या किंवा आखाती कंपनीत तुमचा अर्ज निदान वाचला जाईल. पगारवाढीचं गणित मात्र शून्य धरून करा. लोन काढलंत तर महिन्याला पावणेदहा हजार, तीन वर्षांत साडेतीन लाख. त्यातले दोन तृतीयांश ज्या परीक्षांना बसता येणार नाही त्यांच्यासाठी.

आता ती पॉलिसी. तुम्ही पाठवलेला बेनिफिट इलस्ट्रेशनचा, म्हणजे कधी किती मिळेल ते दाखवणारा कागद पाहिला. १२ वर्षं हप्ते, २० वर्षांनी ३६ लाख, विमा रक्कम १४ लाख ४० हजार. चार हप्ते भरून झालेत. ‘पैसे दुपटीहून जास्त होतात आणि टॅक्स वाचतो’ म्हणून मावसभावाकडून घेतलीत.

दुप्पट होतात, पण किती वर्षांत? हिशेब मांडला तर परतावा पाच टक्क्यांच्या जरा वर. तेवढेच हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी भरले तर २० वर्षांनी ४८ लाख होतात. आणि कुठला टॅक्स वाचतो? तुम्ही नव्या करपद्धतीत आहात. तिथे विम्याच्या हप्त्यावरची, ८०-सीची वजावट मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून पगारदाराचं १२ लाख ७५ हजारांपर्यंतचं उत्पन्न तसंही करमुक्त आहे. तुमचं त्याच्या आत बसतं. एकही रुपया वाचत नाहीये.

परतावा कमी ही मोठी चूक नाही. मोठी चूक ही की, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं २९ लाखांचं कर्ज बाकी आहे, बायको घर सांभाळते, मुलं आठ आणि चार वर्षांची, आणि तुमचा एकूण विमा १४ लाख ४० हजार. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्या पैशांत निम्मं कर्ज फिटेल आणि उरलेल्या निम्म्यासाठी बँक दारात येईल. बारा हजार रुपये महिन्याला भरूनही घराला संरक्षण नाही, आणि प्रश्न विचारताय सर्टिफिकेटचा! मावसभावाला पहिल्या वर्षाचं कमिशन मिळालं, तुम्हाला काय मिळालं?

साठाव्या वर्षापर्यंतचा दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या. निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला तुमच्या वयात वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या आसपास मिळेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. दीड कोटीतून कर्ज फेडून १ कोटी २० लाख उरतात. तुमचा घरखर्च महिना ४५ हजार. त्या हिशेबानं धाकटी शिकून बाहेर पडेपर्यंत पुरतात. बीपीची गोळी चालू असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका. ‘पैसे परत मिळणारा’ टर्म प्लॅन कोणी दाखवला तर उठून या.

दुसरं, आरोग्यविमा. तुमचा सगळा भरवसा कंपनीच्या मेडिक्लेमवर आहे, आणि पीएमपी तर नोकरी बदलण्यासाठीच करताय. राजीनाम्यासोबत तो मेडिक्लेमही जातो. चौघांचा मिळून दहा लाखांचा एकच आरोग्यविमा (फ्लोटर) वीस-पंचवीस हजारांत बसेल.

मग पॉलिसीचं काय? सरेंडर करण्याची, म्हणजे मधेच मोडून पैसे घेण्याची घाई नको. भरलेत ५ लाख ७६ हजार. या टप्प्यावर हमीची सरेंडर किंमत साधारण निम्मी, म्हणजे २ लाख ८८ हजार. योगायोगानं कॉम्बोच्या फीएवढीच, तेव्हा संस्थेला हे कळू देऊ नका. त्याऐवजी ती पेड-अप करा. हप्ते थांबतात, आणि बारापैकी चार भरल्यामुळे मुदतीअखेर तिसरा हिस्सा, म्हणजे अंदाजे १२ लाख मिळतात. आजचे २ लाख ८८ हजार १६ वर्षांत १२ लाख व्हायला वर्षाला जवळपास नऊ टक्के लागतात, ते खात्रीनं कुठे मिळत नाहीत. उरलेले आठ हप्ते भरत राहिलात तर त्या पैशांवर सहा टक्केही सुटत नाहीत. दोन्ही बाजूंनी पेड-अपच बरं. हा माझा अंदाज आहे, पक्का आकडा शाखेतून लेखी घ्या. मावसभावाकडून तोंडी नको. पेड-अपनंतर विमा रक्कमही तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणून टर्म प्लॅनची पॉलिसी हातात पडल्याशिवाय जुनीचा हप्ता थांबवायचा नाही.

थांबलेल्या १ लाख ४४ हजारांतून टर्म आणि आरोग्यविमा मिळून पन्नास-पंचावन्न हजार गेले, तरी नव्वद हजार राहतात. पीएमपी त्यातच होतं, वर वीसेक हजार उरतात, आणि लोनची गरज राहत नाही. पुढच्या वर्षापासून ते नव्वद हजार आधी सहा महिन्यांच्या खर्चाच्या शिलकीत टाका, ती भरली की पीपीएफमध्ये.

संस्थेला दिलेले दहा हजारांचे टोकन परत मिळणार नाही असं पावतीवर छापलंय म्हणता. एकदा लेखी मागा. नाही दिले तर सोडून द्या, ते वसूल व्हावेत म्हणून उरलेले पावणेतीन लाख भरू नका.